किती बोटं

अंबाजोगाई. वॉर्ड सहा, खाट चौदा.
तांदळे सर जाता जाता म्हणाले,
"उजव्या खालच्या कुशीपासून सुरू कर.
प्लीहा शोधायची नसते रे. थांबायचं.
श्वासासरशी तीच येते बोटाला."

मी मात्र डाव्या बरगडीखालीच दाबत बसलो.
"कामून तिथं चाचपतूस?" सोजरबाई म्हणाल्या,
"लई वर गेलास. मोठे सर बेंबीखालून येतेत."
मग माझा हात झटकला,
"आन् हे हात हायेत का रांजणाचं बूड?
चोळून ये आधी."

आठवडाभरात बत्तीस जणांचे हात
फिरले होते त्या पोटावरून.
मी तेहेतिसावा.
हात चोळले. काखेत धरले.
खाटेच्या उंचीला गुडघे टेकले.
"आता श्वास घेते म्या. दाबू नगंस."

थांबलो.
श्वास सुटला, परत भरला
आणि आतून काहीतरी सरकत आलं
अंधाऱ्या गोठ्यात वासरू
तळव्याला नाक लावतं, तसं.

"सापडली!"
मी ओरडलोच. खाट पंधरावरचं लेकरू दचकलं.

सोजरबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या.
"किती बोटं?"
मोजली. "सहा."
"दिवाळीला चार हुती,"
एवढंच म्हणून त्यांनी
पदर पोटावर ओढून घेतला.

वहीत लिहिलं:
प्लीहा सहा बोटं, टणक, कडा स्पष्ट,
दाबल्यावर दुखत नाही.

हे शेवटचं
मी त्यांना विचारलंच नव्हतं.

पेन खिशाला लावून
हात चोळत
परत गेलो खाट चौदाकडं.