टीव्ही सत्तर, घर तीस

मशीन म्हणजे काय, तर दोन करंद्या.
मिशीसकट. कानामागे वाकून बसतात,
रात्री डबीत निजतात, हिरवा दिवा लावून.
किंमत विचारू नका. तेवढ्यात
आमची जुनी होडी डागडुजी होऊन पाण्यात गेली असती.

एकतीस वर्षं ह्यांचे कान इंजिनापाशी होते,
सहा सिलिंडरच्या. हर्णैच्या बंदरात उतरले
तरी डोक्यात ते चालूच.
मग घरात टीव्ही असा लागायचा
की पाजपंढरीच्या माणसाने बातम्या ऐकाव्यात,
फुकट.

दापोलीहून नाझनीन मुकादम आली, एवढीशी पोर.
टीव्हीच्या पाठी साबणाच्या वडीएवढी पेटी चिकटवली,
मोबाईलवर बोट फिरवलं, म्हणाली,
"आता आवाज वायरीशिवाय सरळ काकांच्या कानात."
आणि खोलीतला आवाज बंद केला.

तशी शांतता ह्या घरात मी
लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली.
भरतीचं पाणी जेटीच्या खांबांना लागतंय.
माझ्या बांगड्या.
पडद्यावर एक बाई रडत होती, तोंड उघडं,
फळीवर टाकलेल्या घोळीसारखं,
आणि हे एकटेच हळहळत होते.
"काय झालं तिला?" मी विचारलं.
उत्तर नाही. ऐकूच आलं नाही.

बाहेरचं ऐकणारा माइक
टीव्ही लागला की झोपतो म्हणे.
नाझनीनने परत मोबाईल काढला.
"ही रेघ बघा, काकी. इकडे टीव्ही, तिकडे घर.
सत्तर-तीस ठेवू?"

तीस.
त्या तिसात कुकर, दार, मांजर, थोरल्याचा फोन,
आणि मी.
लिलावात पापलेटाची पाटीसुद्धा
एवढ्यावर मी सोडली नसती.

"वाढव," म्हटलं. पन्नास-पन्नास.
ह्यांचा चेहरा आंबला. बातम्यांत फोडणी तडतडायला लागली.
मग नळ फार वाजतो,
मग टीव्हीतल्या बाईचा आवाज पत्र्यासारखा, तो जाड केला.
पोरीने दोनदा चहा घेतला.
साठ-चाळीसवर तह झाला.

पण एक राहिलंच, आणि ते पोरीला काय सांगणार.
एवढी वर्षं मी दोन आवाजांत बोलत आले.
एक ह्यांच्यासाठी, बंदरावरचा, गळ्याच्या शिरा काढून.
दुसरा ओठांच्या आत.
मीठ ओलं दिलंन, म्हातारीने पैसे बुडवलेन,
हा मेला माणूस उठत कसा नाही,
सगळं ह्यांच्या पाठीमागे उभं राहून, आरामात,
देवासमोर बोलावं तसं.

काल भांडी घासता घासता पुटपुटले,
"बूड चिकटलंय खुर्चीला."
पडद्यावरची नजर न काढता हे म्हणाले,
"जाहिरात लागू दे, उठतो."

पातेलं हातात तसंच राहिलं.
म्हणजे चाळिसात एवढं येतं.
म्हणजे परवाचंही आलं असेल, धाकट्याच्या बायकोबद्दलचं,
आणि सोमवारचं तर... अगं आई.

जेवताना हळू बोलून पाहिलं, तोंडावर, मुद्दाम.
जमेना. आवाज एकतर बंदरावर जातो
नाहीतर आत. मधली जागाच नाही गळ्यात.
"बांगडा तिखट झालाय का?"
तिसऱ्या खेपेला बरा निघाला.
"नाही," हे म्हणाले. तेही हळू.
दोघंही जरा लाजलो.

आता पुटपुटायचं झालं तर मी
मागल्या दारी जाते, वलांडीवर बोंबील सुकतात तिथे.
ते तोंड उघडून ऐकतात.
त्यांना रेघ नाही.