प्रसंग सातवा, रात्रपाळी

अशोक चौकाच्या मागे, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
माझा स्टुडिओ. दहा बाय बारा.
भिंतींना चौदा चादरी ठोकल्यात, सेकंड मालाच्या,
एकीवर मोराची मान विणायची राहून गेलीय.
शेजारच्या शेडात माग दिवसभर चालतात,
म्हणून रेकॉर्डिंग रात्री एकनंतर
किंवा लाईट गेली की, लॅपटॉपच्या बॅटरीवर.

हाड मोडायचं तर कडक भाकरी.
ज्वारीची, सुती फडक्यात गुंडाळून
माइकपाशी एकदाच पिळायची.
दुसऱ्या टेकला ती भाकरीच वाटते.
जंगलातून चोर पळवायचा तर
आईच्या सुपातला तेंदूपत्ता, भिजवण्याआधीचा.
आई म्हणते, पानं तोलून देतात गं कारखान्यात,
तुझ्या चोराला रस्त्यावरनं पळव.
आग मी शेंगाचटणीच्या रिकाम्या पुड्यातून काढते,
मुठीत चुरगाळून, हळूहळू सोडत.
हात दोन दिवस लसणाचे.

सातवा प्रसंग मात्र अडला.
संहितेत एवढंच: रात्रपाळी. पन्नास माग. धोंडप्पा बोलतो.
मी खाली जाऊन खरेच माग टिपून आणले.
गुरुलिंग सरांनी हेडफोन काढला:
"हे माग हायत का पत्र्यावर गारा पडलालेत?"
खऱ्याचं असंच असतं,
माइकमध्ये शिरताना अंग चोरतं.

मग पोळपाट, कात्री, सायकलची साखळी,
आईच्या शिलाई मशीनचा पायटा.
एकेक ठोका कापला, पट्टीवर मांडला,
थोडा इकडे, थोडा तिकडे,
कारण दोन माग कधी एका श्वासात चालत नाहीत.
चार रात्री गेल्या. पन्नास झाले.
मलाच टाळी वाजवाविशी वाटली.

धोंडप्पा करायला म्याकल मामा आले,
एकतीस वर्षं मागावर, आता घरी.
पहिल्याच वाक्याला मीटर लालभडक.
मामा, हळू.
"हळूच बोललालो की!"
पुन्हा लाल.
माइक हातभर मागे सरकवला, मग दोन हात,
शेवटी मामा दाराशी आणि माइक खिडकीत.

त्यांना माझे पन्नास माग ऐकवले.
डोळे मिटून ऐकले त्यांनी, मान हलवली, नकाराची.
"आवाज बराय पोरी.
पण शेडात माग कुणाला ऐकू येतो?
आठ दिवसांत कान सोडून देतो त्याला.
ऐकू येतो तो
बंद पडलेला."

मी काही बोलणार तेवढ्यात लाईट गेली.
खालचे माग एकदम नाही थांबले,
धावता माणूस दोन पावलं पुढे जातो तसे,
एक, मग तिघे, मग सगळे.
मामांची मान गर्रकन दाराकडे.
ओठांतल्या ओठांत म्हणाले,
"आगिंदी."
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मीटर हिरवाच राहिला.

लॅपटॉप बॅटरीवर होता. टिपणं चालूच होतं.

आता सातवा प्रसंग असा आहे:
एकोणपन्नास माग, पोळपाटाचे नि साखळीचे,
इतके हळू की ऐकणारा विसरून जाईल.
पन्नासावा मी पुसून टाकला,
अडीच मिनिटांनंतर, धोंडप्पाच्या वाक्याच्या मधोमध.
तिथे लाकडी खुर्चीची एक कुरकुर.
ती खरी आहे. तिला कात्री लावली नाही.

गुरुलिंग सर म्हणाले, इथं काहीतरी राहिलंय बघ, पोकळ वाटतंय.
मी म्हटलं, हो.

फाईलला नाव दिलंय: म्याकल_वळले_०१.
चादरींनी त्या रात्रीचं किती गिळलं, कोण जाणे.
मोर अजून बिनमानेचा
आणि खाली माग पुन्हा सुरू झालेत,
असं आई म्हणते.
मला आता ऐकू येत नाहीत.