मापाचा पेला

फेब्रुवारीतली रात्र. बर्फाने बोगदा बंद,
फेरीबोट राजधानीच्या धक्क्याला करकचून बांधलेली,
आणि सुन्नुवाची मुलगी सात आठवडे आधीच आली,
निळी,
माझ्या कोपरापासून मनगटाएवढी.

मी सुईण. पाळक नव्हे.
पण जीव जाताना दिसला तर कुणीही द्यावा बाप्तिस्मा,
असं आमच्या चर्चच्या पुस्तकात शेवटी शेवटी छापलंय.
हाताशी होता दुधाच्या पावडरीचा मापाचा पेला.
किटलीतलं कोमट पाणी, तीसच्या रेघेपर्यंत.
तीनदा टाळूवर.
पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या म्हणेस्तोवर
तिने श्वास घेतला,
की आधीच घेतला होता,
शपथेवर सांगता येणार नाही मला अजूनही.

बाप हेदिन खिडकीशी, खोलीकडे पाठ करून.
तो ब्रदरन सभेतला. त्यांच्यात तान्ह्याला पाणी नाही:
आधी विश्वास, मग समुद्र.
हो म्हणाला नाही. नको म्हणाला नाही.
नंतर एवढंच, "डोकं ओलं झालंय तिचं. पुसून घे."

फेरो बेटांवरचं आमचं गाव, तीनशे माणसं, मेंढ्या जास्त.
आमच्याकडे प्रभुभोजन महिन्यातून एकदा,
पाळकांची बोट लागली तर.
सभेत दर रविवारी, हेदिनच्या बहिणीने भाजलेला अख्खा पाव
हातोहात तुटत जातो. आठवण म्हणून, म्हणतात ते.
आमचे पाळक म्हणतात, त्या भाकरीत तो खराच असतो.
कुठे, विचारलं मी,
तर त्यांनी चष्मा पुसला.

कारखान्यात कॉड कापते मारिविक, सामार बेटावरची.
ती पहाटेच्या बसने थेट राजधानीला जाते,
तिथल्या वेदीवर तो देहाने उतरतो म्हणून,
आणि परतताना काठोकाठ भरलेली वाटी घेतल्यासारखी
जपून चालते.
एकदा रबरी हातमोजे न काढताच म्हणाली,
"माझ्या बाळाला का नाही लावलात तो पेला?"
सहाव्या महिन्यातलं. माझ्या हातात आलं
तेव्हा गेलेलंच होतं.
गेलेल्याला देत नाहीत, हे वाक्य मी गिळलं.
तिची आजी सांगायची, अशी बाळं उंबऱ्यावर राहतात.
नवे फादर म्हणतात, देवाच्या दयेवर सोपव.
"सोपवलंय," म्हणाली,
"पण पावती नाही."

एकोणिसाव्या वर्षी रान्नवा माझ्या दारात:
"समुद्रात उतरणार आहे मी. माझ्या तोंडाने हो म्हणून."
मग त्या रात्रीचं काय गं?
"ते तुमचं होतं."
पाळक म्हणाले, बाप्तिस्मा एकदाच असतो,
दुसरा घेणं म्हणजे पहिल्याला खोटं पाडणं.
हेदिन म्हणाला, पहिला झालाच कुठे?
घरी आले. पेला काढला, तीसपर्यंत भरला,
बघत बसले.
एवढंसं पाणी. चहालाही पुरायचं नाही.

जूनमध्ये, ओहोटी लागायच्या आत,
हेदिन स्वतः कमरेपर्यंत खाडीत.
मागे हात देऊन त्याने तिला आडवी केली,
अख्खी,
केसही दिसेनात.
काठावर मी श्वास मोजत होते, सवयीने.
मारिविक सुट्टी काढून आली होती;
तिने छातीवर क्रूस काढला,
सभेतल्या दोघांनी माना वळवल्या.

रान्नवा वर आली. ओठ तसेच निळे.
टॉवेल माझ्याकडे होता, कुणी सांगितलं नव्हतं तरी.
हेदिन माझ्याकडे बघत राहिला जरा वेळ,
दाढीतून पाणी गळतंय, दात वाजताहेत.
"डोकं ओलं झालंय तिचं," म्हणाला.
मी पुसलं.

पेला मी मारिविकला देऊन टाकला त्या संध्याकाळी.
कशाला, तिने विचारलं नाही.
मलाही सांगता आलं नसतं.