अंबडची पेटी

दोन हजार तेराच्या डिसेंबरात
अंबडला, गरवारे पॉइंटपासून आत,
खैरनार टूल रूमच्या माळ्यावर
ती काळी पेटी मी बसवली.
दोन डिस्क, एक पंखा, एक हिरवा दिवा.
डायचे सगळे नकाशे तिच्या पोटात.

खैरनार म्हणाले, रात्री घरून बघता आलं तर बरं.
मी राउटरमध्ये एक आकडा टाकला,
पोर्ट उघडलं.
चहा यायच्या आत झालं.
पासवर्ड त्यांनीच सांगितला :
कंपनीचं नाव, पुढे एक दोन तीन.
मी हसलो. बदला, असं म्हणालो नाही.

पेटी चालत राहिली.
समोरची शेड दोनदा विकली गेली,
गायधनी मॅडमच्या चष्म्याचा नंबर वाढला.
पेटीवर लोखंडाची तेलकट धूळ बसली,
त्या धुळीत कुणी बोटानं श्री काढला,
खंडेनवमीला लेथबरोबर तिलाही
झेंडूची माळ मिळू लागली.

जिनं ती बनवली त्या कंपनीनं
मध्येच कधीतरी एक ओळ लिहून ठेवली होती :
या मॉडेलसाठी यापुढे सुधारणा मिळणार नाहीत.
पत्र नाही, फोन नाही.
मी वाचली होती ती ओळ.
खोटं कशाला बोलू, वाचली होती.
खैरनारांना म्हणालो, नवीन घ्यावी लागेल.
बंद पडलीय का?
नाही.
चालतंय ना?
चालतंय.
मग!

आणि बाहेरून रोज कुणीतरी कडी हलवून बघत होतं.
माणूस नव्हे, कुणाचा तरी प्रोग्रॅम.
त्याला अंबड माहीत नाही, खैरनार माहीत नाहीत,
पांडवलेण्याचा डोंगर कुठल्या बाजूला तेही नाही.
तो नुसता आकडे मोजत दारोदार फिरतो
आणि प्रत्येक दाराला विचारतो,
तू कुठल्या सालचं?
आमचं दार खरं उत्तर देत होतं.

मंगळवारी सकाळी मॅडमनी फाइल उघडली.
नाव तेच, शेपूट वेगळं.
एकतीस हजार फाइली, एकतीस हजार शेपट्या,
आणि एक चिठ्ठी, पैसे कुठं पाठवायचे त्याची.
बॅकअप होता.
त्याच पेटीच्या पाठीत खोचलेला.
दिवा हिरवाच होता. पंखाही फिरत होता.

पैसे दिले नाहीत.
त्यात शौर्य काही नाही,
नव्हतेच.

मग निंबा पगारनं रॅकवरच्या जुन्या डाय उतरवल्या,
एकेक रॉकेलनं पुसली,
व्हर्नियर लावून आकडा सांगायचा,
मॅडम परत रेघ मारायच्या.
तीन आठवडे असं.
एका डायपाशी मॅडम थांबल्या.
अहो, नकाशात सत्तावीस होतं ना इथं?
नकाशात सत्तावीसच, निंबा म्हणाला,
पण बसायचं नाही ते.
आम्ही पहिल्यापास्नं सव्वीस पॉइंट आठच काढतो.
माळ्यावर मी वायर गुंडाळत होतो.
इतकी वर्षं आत काय जपलं होतं, कुणी विचारलंच नव्हतं,
मीसुद्धा.

माझ्या जुन्या वहीत अशा अकरा पेट्या निघाल्या.
शरणपूर रोडला एक्स-रे,
देवळाली कॅम्पात शाळेचं ऑफिस,
द्वारकेजवळ दोन सीए, एकमेकांशी न बोलणारे.
नऊला बसलो फोन करायला.
कुणी म्हणालं, उद्या बघू.
कुणी नवीन पेटीचा भाव विचारला आणि फोन ठेवला.
एकानं तर मलाच विचारलं, तुम्हाला कसं कळलं हो,
आत काय चाललंय ते?
यावर काय बोलणार.

सातवा फोन एक्स-रेवाल्या डॉक्टर मेतकरांना.
सगळं सांगितलं, माझ्या त्या पोर्टसकट.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही,
नुसती पंख्याची घरघर येत होती,
मी ओळखतो ती.
मग त्या म्हणाल्या, थांबा, टेबलाखाली वाकते.
वायर कुठली काढू?

डावीकडची, निळी.
आणि डॉक्टर, दिव्याकडे बघू नका.
तो हिरवाच राहील.