अंदाजे अठरा किलो

वकीलबाई म्हणाल्या, खरेदीची पावती असली तर जोडा.
मी म्हणालो, बाई, ती उद्यमनगरात सापडली,
लोखंडाचा कीस भरलेल्या पोत्यांमागं.
पावती कोण देणार होतं?
त्यांनी पेन थांबवलं.
मग किमतीच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

नाव किशी. रंग गंजाचा.
माझ्या लेथखाली मोटरच्या उबेला झोपायची,
पट्टा घसरायच्या आधी कान टवकारायची.
तेवढं इलाहीलाही ऐकू येत नाही,
बावीस वर्षं झाली त्याला मशीनवर.

नसबंदीला नेली. बुधवार, उपाशीपोटी.
डॉक्टर कुलगुडे हसरा माणूस.
टेबलावर घेऊन नुसतं बघितलं तिच्याकडं,
असेल की अठराएक किलो, म्हणाला,
आणि भूल भरली.

साडेबाराला फोन आला.
एका शाफ्टचे दोन शतांश काढायचे राहिले होते.
ते राहिलेच.

बिल मात्र हातात मिळालं. तीन हजार दोनशे,
त्यात भुलीचे आठशे वेगळे.
तळाला बारीक छापलेलं: चूकभूल देणे-घेणे.
चूक दिली. भूल दिली.
घ्यायचं ते आम्ही घेऊन आलो
पोत्यात, स्कूटरवर पायाशी.

पोस्टमॉर्टेम केलं होतं का?
नाही, साहेब. पुरलं. शेडमागं, जांभळीखाली.
संध्याकाळच्या आत मातीत घालावं, एवढंच सुचलं.
सहमतीपत्रावर सही तुमचीच ना?
माझीच. कागद इंग्रजीत होता,
सही मी मराठीत केली.

आख्ख्या कोल्हापुरात एक डॉक्टर
दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध दोन ओळी लिहून देईना.
चहा पाजायचे सगळे. हळहळायचे.
दूधकट्ट्यावर लोक म्हणायचे,
कुत्र्यापायी कोर्ट? मंगावे, रिकामा हाईस काय लेका?

रिकामा कुठला. रजिस्टर उलटत बसलो होतो.

दर शनिवारी काटा पुसला की
किशी आपणहून त्याच्यावर चढून बसायची,
इलाही बिस्कीट द्यायचा म्हणून.
आणि मला सवय, काट्यावर काही आलं की लिहायचं.
पंप हाऊसिंग, नग सहा, चाळीस किलो दोनशे.
त्याखाली: किशी, नग एक, अकरा किलो चारशे.
ऑपरेशनच्या आधीचा शनिवार.
पानावर तेलाचा अंगठा, माझाच.

समोरचा वकील म्हणाला, हा काटा लोखंडाचा,
जनावराचा नव्हे.
मी शिक्क्याचा दाखला पुढं केला.
वैधमापनवाले दर वर्षी येतात, म्हणालो,
किलो सगळ्यांना एकच असतो.
अध्यक्षबाईंनी ते पान खिडकीकडं धरून बघितलं
बराच वेळ.
आणि पुढची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर आला. एकटाच, वकिलाविना.
जरा वाळलाय तोही.
मंगावे, म्हणाला, कशाला ताणायचं?
पंधरा हजार घ्या. नाहीतर पिल्लू देतो, लॅब्राडोर,
पावतीसकट.
मी विचारलं, वजन किती त्याचं?
अंदा… म्हणाला,
आणि तोंड तसंच उघडं राहिलं.
मला वाटलं होतं बरं वाटेल.
नाही वाटलं.

तारीख सत्तावीसला आहे.
त्याच आठवड्यात शिक्केवाले येणार,
म्हणून काल काटा उलटा करून झाडला.
वरच्या पत्र्याखालनं केस निघाले, गंजाच्या रंगाचे, मूठभर.
टाकू का, इलाहीनं विचारलं.
मी काटा सरळ केला, शून्यावर आणला
आणि ते केस मधोमध ठेवले.

आकडा हलला नाही.
वीस ग्रॅमच्या खालचं त्याला कळत नाही.
तसं त्याच्या पट्टीवर लिहिलेलंच आहे.