पुरे

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दोन सुया,
एक डाव्या दंडात, एक उजव्या.
नर्स त्या फ्रीजमधून काढून अर्धा तास
टेबलावर ठेवते, गारठा उतरू देते.
"सातवी खेप, फेना," ती म्हणते.
मी खिडकीतून बांध बघत राहते.

हे गाव एके काळी बेट होतं.
मग समुद्राला बांध घातला, पाणी उपसलं,
आणि बेटाच्या कडेला बटाट्याची शेतं येऊन चिकटली.
लग्नं मात्र बेटातल्या बेटातच होत राहिली,
आडनावं चार, नाकं दोन.
मी बाहेरची. ग्रोनिंगेनहून आलेली, काटकुळी.

रीकेल्ट हाडाचा कोळी.
त्याच्या बाबतीत हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.
बर्फावर आपटला, धक्क्यावरून पडला,
एकदा तर जाळ्याची कप्पी सुटून खांद्यावर आली;
कप्पीला चीर गेली.
फक्त पोहता यायचं नाही.
पाण्यात उतरला की नांगरासारखा तळ गाठायचा
आणि दोर धरून वर यायचा, हसत,
अर्ध्या तोंडानं.

अर्ध्या, कारण उरलेल्या अर्ध्याची नस
कवटीतल्या ज्या भोकातून जाते
ते वर्षागणिक बुजत चाललं होतं.
मग कान. आधी डावा.
लग्नाच्या नवव्या वर्षी
मी स्वयंपाकघरात पाटी टांगली.

लायडनच्या डॉक्टरनं कागदावर रेघा मारत सांगितलं:
हाड म्हणजे दगड नव्हे, बाई.
तिथं रोज पाडापाडी, रोज बांधकाम.
बांधता बांधता काही गवंडी
आपल्याच भिंतीत चिणले जातात.
मरत नाहीत.
अंधारात बारीक बोटं पसरून
एकमेकांना धरून बसतात,
भिंतीवर भार किती, ते चाचपतात,
आणि वर काम करणाऱ्यांना निरोप धाडतात.
एका शब्दाचा: पुरे.

तुमच्या नवऱ्याच्या गवंड्यांना
तो शब्द येत नाही.

घरी येऊन मी पाटीवर तेवढंच लिहिलं.
रीकेल्टनं वाचलं, खडू मागितला, खाली लिहिलं:
जेवताना तरी कुठं येतो?

त्याचं रक्त नेलं, बहिणीचं नेलं,
म्हाताऱ्या आत्याचंही.
बदल्यात काय, विचारलं तर
डॉक्टर खाली बघत म्हणाला, तुम्हांला काहीच नाही.
रीकेल्टनं दुसरी बाही वर केली.

कवटी दोनदा उघडली, आतल्या मेंदूला जागा करायला.
अति तिथं माती, म्हणतात.
इथं माती कुठली, चुना.
शवपेटी सहा जणांनी उचलली.
चर्चच्या चढावर आणखी दोघे
न सांगता येऊन खांद्याला लागले.

आणि मी?
भांडं उचलायला वाकले एवढंच.
पाठीत वाळली काटकी मोडावी तसा आवाज.
वर्षभरात तीन मणके खचले,
ओट्यावरचं कपाट चार सेंटिमीटर उंच झालं.

आता ह्या सुया.
त्यांतलं औषध तो निरोप वाटेतच गाठतं,
त्याचं तोंड दाबून धरतं.
माझे गवंडी ऐकत नाहीत, बांधत राहतात.
रीकेल्टच्या हाडांना जे जन्मात कळलं नाही
ते मला दरमहा दोन सुयांनी
विसरायला लावतात.
बारा महिने, मग बंद.
मग दुसरं औषध, पाडणाऱ्यांचे हात बांधणारं.
बाराच का, मी विचारलं.
तो सांगू लागला. मध्येच त्याची नजर
माझ्या अंगठीवर गेली आणि तो थांबला.

नर्सला ह्यातलं काही ठाऊक नाही.
ती परामारिबोची, तरुण, घाईत असलेली.
"दुखलं?" विचारते, कापूस दाबते.

बुधवारी म्हाताऱ्यांसाठी कोमट पाण्याचा तलाव असतो.
व्यायाम संपला की मी जराशी मागं रेंगाळते,
कडेची दांडी सोडते,
छातीतला सगळा श्वास सोडते,
डोळे मिटून वाट बघते.

अजून तरंगतेच.