चौथा खंड

दाभोळच्या वाचनालयात नऊपैकी सातच खंड आहेत.
चौथा सगळ्यांत जाड.

यात कुणी जिंकत नाही.
राणी तिसऱ्यातच गेली,
तलवार सापडणार ती सहाव्यात.
इथे माणसं नुसती चालतात,
मीठ संपतं, घोडे विकावे लागतात,
एका भालाइताची दाढ ठणकते
अडीचशे पानं.

फेरीबोटीवर तिकिटं फाडणारी रुबिना परकार
हाच खंड तिसऱ्यांदा नेते.
“पाचवा आलाय परत,” मी म्हणतो.
“असू दे.”
खाडीच्या मधोमध वाचते म्हणे,
भोंगा वाजला तरी मान वर नाही.

परत आला की मी खंड झटकतो:
फाटकी तिकिटं, वाळू,
माशाचं एक खवलं.
काल
भालाईत कण्हतो त्या पानात
लवंग होती.